मामाच्या गालातला चट्टा, पाच लाखांचं कार्ड आणि मधले पाच महिने

घाटपायथा :
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मामा बीड जिल्ह्यातला, वय ५२, चार एकर कोरडवाहू, पंचवीस वर्षं पायी वारी. या आषाढीवरून परत आला तेव्हा म्हणाला गालाला आतून चट्टा पडलाय, तिखट सोसत नाही. वारीत ऊन, पाऊस, जागरण, उष्णता झाली असेल म्हणून मामीने तूप लावलं. श्रावणात गावातल्या डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स आणि तोंडात लावायची जेल दिली, दोन ट्यूबा संपल्या. गणपतीत दाढ टोचते म्हणून तालुक्याला जाऊन दाढ काढून आला, ती जागा भरेचना. दसऱ्यानंतर दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेला, त्यांनी टॉर्च लावून पाहिलं, तोंड उघडा म्हणाले तर दोन बोटंसुद्धा धड जाईनात. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तुकडा काढून तपासा. पाडव्याला सकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा कॅन्सर. फराळाचं ताट तसंच राहिलं.

आता पुढची गंमत. मी पुण्यात असतो, म्हटलं काळजी करू नका, महात्मा फुले योजना आहे, पाच लाखांचं कार्ड आहे. एका मोठ्या शहरातल्या खाजगी हॉस्पिटलला नेलं, बोर्ड लावलेला, योजना लागू. काउंटरवर सांगितलं योजनेचे बेड फुल्ल, पण कॅश भरणार असाल तर परवा ॲडमिट करून घेऊ. म्हणजे बेड होता, फक्त योजनेचा नव्हता! आरोग्यमित्राची (हॉस्पिटलात बसून योजनेचं काम बघणारा माणूस) खुर्ची रिकामी, टेबलावर पाण्याची अर्धी बाटली. दुसऱ्या दिवशी भेटले तर म्हणाले रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं आहे. मामाचं पाळण्यातलं नाव रेशनकार्डावर आणि शाळेतलं आधारवर, गावात निम्म्या लोकांचं असंच असतं. तिथून तहसील. तिथे साहेब रजेवर.

आत्तापर्यंत बायोप्सी, सीटी, परत एकदा तीच स्लाइड दुसऱ्या लॅबला, गाडीभाडं असं धरून अठ्ठावीस हजार गेलेत आणि उपचाराचा अजून पत्ता नाही. यातला एक रुपयाही योजनेत बसत नाही म्हणतात कारण पेशंट ॲडमिटच नाही.

मला कुणाला शिव्या घालायच्या नाहीत. समजून घ्यायचंय की आषाढीपासून मार्गशीर्षापर्यंत या पाच महिन्यांत सरकार नावाची गोष्ट नेमकी कुठे असायला हवी होती? पाच लाखांची तरतूद आहे हे मान्य, पण मामाचे नुसते पैसे नाही गेले हो, महिने गेले. ते कुठल्या जीआरमध्ये बसतात?

माजी_मित्र :
मी स्वतः काही वर्षं आरोग्यमित्र होतो (आता किराणा टाकलाय, जास्त सुखी आहे), म्हणून आधी कामाचं सांगतो.

नावाच्या घोळासाठी हॉस्पिटलमध्ये भांडून उपयोग नाही, तिथल्या पोराच्या हातात काही नसतं, सिस्टिमच पुढे जात नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत जा, आधारप्रमाणे नाव दुरुस्त करून घ्या, सोबत शाळेचा दाखला न्या. साहेब रजेवर असले तरी अव्वल कारकून असतो, त्याच्यापुढे बायोप्सीचा रिपोर्ट ठेवा. रिपोर्ट दाखवल्यावर काम होतं, हा अनुभव आहे.

बेड फुल्ल म्हणाले तर त्यांना म्हणायचं लेखी द्या. देत नाहीत कधीच, पण बेड सापडतो. नाही सापडला तर १५५३८८ ला तक्रार, आणि जिल्हा समन्वयकाचा नंबर बोर्डावरच असतो, तो मुद्दाम झाडाच्या कुंडीमागे लावतात.

योजनेचं म्हणाल तर २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ ला राज्यभर, २०१७ ला महात्मा फुले नाव आलं, तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते आणि पिवळं केशरी कार्ड लागायचं. १ जुलै २०२४ पासून पाच लाख आणि पांढरं कार्डवालेही आत आले. वाढ मोठी आहे, नाही म्हणू नका. पण तिचा सांगाडा तोच राहिला, ती पॅकेजची योजना आहे. ऑपरेशनचं पॅकेज, किमोचं पॅकेज, रेडिएशनचं पॅकेज. ॲडमिशन झालं, मंजुरी आली की मीटर सुरू. त्याच्या आधीचं सगळं म्हणजे "काय झालंय हे शोधणं", ते पेशंटच्या खिशातून. माझ्या टेबलापर्यंत जे लोक यायचे त्यातले निम्मे तोवर म्हैस विकून आलेले असायचे.

दंतमंजन :
मी दंतवैद्य, निमशहरी भागात प्रॅक्टिस. तुमच्या मामांची दाढ ज्याने काढली त्याच्यावर मी रागावलोय, पण खरं सांगायचं तर आमच्यातल्या कितीजणांकडे गाल ताणून मागपर्यंत बघायची सवय आहे हा प्रश्न आहे. दाढ हलतीय, काढा, पुढचा.

सगळ्यांसाठी लिहितो, हे घरी करता येतं. आपली मधली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. गेली तर ठीक. दोनच जात असतील तर बहुतेक आतलं अस्तर कडक व्हायला लागलंय, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, हे सुपारीने होतं, तंबाखू नसली तरी होतं. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नक्की केलंय, तरी आपल्याकडे मुखशुद्धी म्हणून पाहुण्याला देतात. आणि पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा कुठलीही जखम, पंधरा दिवसांत भरली नाही तर जेल नाही, गोळी नाही, तुकडा. एवढंच.

धोरणाचं विचाराल तर कागदावर हे सगळं आहे. कॅन्सर, मधुमेह वगैरे रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. तोंडाच्या तपासणीला लागतं काय, टॉर्च आणि लाकडी पट्टी. एवढी स्वस्त तपासणी कुठल्या रोगाला नाही. तरीही मामा पाच महिन्यांत तीन ठिकाणी गेले आणि टॉर्च एकानेच लावला.

चौकातला_टपरीवाला :
मी टपरी चालवतो. इथं सगळे शिकलेले दिसतात म्हणून लिहू का नको करत होतो.

गुटखा बंदी झाली तेव्हा माझ्या बापाची टपरी होती, २०१२ चा जुलै. पहिले पंधरा दिवस खरंच माल नव्हता. मग माल आला, फक्त लटकवलेल्या माळा गेल्या आणि पुड्या खोक्यात काउंटरखाली आल्या, भाव वाढला. मग कंपन्यांनी डोकं लावलं, मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर ओततं, बोटाने हलवतं, झाला गुटखा. आता पोलीस आले तर कुणाला धरतात? मला. दोन पाकिटं सापडली की केस. टेम्पो भरून ज्याने आणला तो कधी दिसला नाही मला एवढ्या वर्षांत, नुसता फोन येतो किती पाहिजे.

मी स्वतः खात नाही. पोराला तर टपरीवर बसूच देत नाही. आता विचाराल मग विकता का, तर बाकीच्या मालात दिवसाला काय सुटतं ते येऊन बघा एकदा.

कलमबहाद्दर :
टपरीवाल्यांनी मुद्द्याला हात घातला. थोडं कायद्याचं सांगतो कारण यात खूप गैरसमज आहेत. महाराष्ट्राची गुटखाबंदी तंबाखूच्या कायद्याखाली नाहीच, ती अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे, २००६ चा कायदा, कलम ३०. त्यात अन्न सुरक्षा आयुक्तांना एखाद्या पदार्थावर जास्तीत जास्त एक वर्ष बंदी घालता येते. म्हणून दर वर्षी नवा आदेश काढावा लागतो, २०१२ पासून हा वार्षिक सोहळा चालू आहे. गुटखा हे अन्न आहे असं धरून त्यात तंबाखू मिसळता येणार नाही हा नियम लावला, २०१२ मध्ये मध्य प्रदेशने आधी केलं मग आपण. युक्ती चांगली होती. पण साधी तंबाखू, मळून खायची, ती या आदेशात येत नाही, तिच्यावर २००३ चा कोटपा कायदा आहे, म्हणजे शाळेपासून शंभर यार्ड, अठराखालच्याला विक्री नाही, पाकिटावर ८५ टक्के चित्र, आणि दंड दोनशे रुपये. दोनशे!

आणि महाराष्ट्राची गोष्ट सिगारेटची नाहीच. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यात ओढणारे फार थोडे, बाकी सगळे खाणारे, लावणारे. आपले सगळे बोर्ड मात्र "धूम्रपान निषिद्ध".

विडीचं तर विचारूच नका, २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलने विडीचा दर २८ वरून १८ करायचं ठरवलं. त्याच बैठकीत कॅन्सरच्या काही औषधांवरचा जीएसटी शून्य केला. एका हाताने पेटवा, दुसऱ्याने विझवा.

चष्मिष्ट :
@कलमबहाद्दर विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचं काय मग? सोलापुरात घरटी एक आहे. कर वाढवून त्यांना मारायचं का.

कलमबहाद्दर :
@चष्मिष्ट कर वाढवा आणि त्या पैशातून त्यांना दुसरं काम द्या असं म्हणणं आहे. दुसरं काम कुणी देत नाही हे मान्य. ती स्वतंत्र रड आहे.

आशाताई_बारा_गल्ल्या :
मी आशा आहे. पंधराशे लोकसंख्या माझ्याकडे. तुम्ही लोक ज्याला पाच वर्षांतून एकदा तपासणी म्हणता तिचा पहिला कागद मी भरते. त्यात विचारायचं असतं वय किती, तंबाखू खाता का, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी शुगर, मग मार्क. चारच्या वर मार्क आले की तपासणीला पाठवायचं. फॉर्म भरून होतो, ऑनलाइन चढतो, सायबांचं टार्गेट होतं. पण पाठवायचं कुठं ते सांगा. उपकेंद्रात ताई आहे, तिला बीपी शुगर होते. गर्भाशयाची तपासणी करायची म्हणजे बाईला टेबलावर घ्यायचं, पडदा पायजे, उजेड पायजे, शिकलेली बाई पायजे. आमच्याकडं डॉक्टर पुरुष, चांगला आहे बिचारा, पण बाया त्याच्यापुढं येत नाहीत. म्हणतात ताई तुमी फॉर्मात लिवा झाली म्हणून.

अजून एक. बायकांना तंबाखू खाता का विचारलं तर नाहीच म्हणतात. मी आता विचारते मिश्री लावता का. मग सगळ्या हसतात, म्हणतात ती तर दात घासायची. तव्यावर भाजलेली तंबाखूच असती ती, पण तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. सकाळी एकदा, भांडी घासून झाल्यावर एकदा, दुपारी टीव्हीपुढं एकदा. माझी सासू गरोदरपणात मळमळ थांबावी म्हणून लावायला शिकली, आता पासष्टची आहे, सुटत नाही. फॉर्ममध्ये तिच्यासाठी वेगळा रकाना पायजे होता.

रानजाई :
आशाताई, तुमचा प्रतिसाद छापून मंत्रालयात लावला पाहिजे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. घाटपायथा यांचा मामा जिथला आहे तिथून धाराशिव किती लांब? शेजारचा जिल्हा. तिथल्या खेड्यांत १९९९ च्या सुमारास टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक प्रयोग सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, चार भाग. एका भागात एचपीव्हीची (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणी, एकात पॅप (पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एकात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं आणि एकात नेहमीचं जे चालू आहे ते. पुढे आठ वर्षं पाठपुरावा. निकाल २००९ मध्ये आला, आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदा! जगभरात या अभ्यासाचा आधार घेतला गेला, आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर एचपीव्ही तपासणीच आधी करा म्हणते. परंड्या-कळंबच्या बाया ओळीत बसल्या त्याचा फायदा परदेशातल्या बायकांना झाला. (चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही त्यावर नंतर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.)

मुंबईतही झालं, झोपडपट्टीत दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून व्हिनेगरची तपासणी केली, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, २०१४ मध्ये छापून आलं. म्हणजे डॉक्टर पुरुष आहे, लेडी डॉक्टर नाही, या अडचणीवरचं उत्तर आपल्याच राज्यात शोधून झालंय. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या किती बायकांची ही तपासणी कधीतरी झाली होती? १.९ टक्के. स्तनाची ०.९.

लशीचंही तसंच. सिक्कीमसारख्या चिमुकल्या राज्याने २०१८ मध्ये शाळेतल्या मुलींना एचपीव्हीची लस देऊन टाकली, बहुतेक सगळ्या मुलींना. लस आता पुण्यात बनते, सिरमची, २०२२ मध्ये परवानगी मिळाली. बाजारात आली तेव्हा एक डोस दोन हजाराला होता. २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये ९ ते १४ च्या मुलींना देण्याला प्रोत्साहन देऊ म्हणाले. प्रोत्साहन टोचता येत नाही.

आजीचा_बटवा :
लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा रोज सकाळी अनशापोटी द्या मामांना, आमच्या ओळखीत एकाला चौथ्या स्टेजमधून गुण आला. ॲलोपॅथीवाले हे सांगणार नाहीत कारण त्यांचं दुकान बंद होईल.

दंतमंजन :
@आजीचा_बटवा माझं दुकान बंद झालं तर मी स्वतः पेढे वाटीन. पण या काढ्याच्या नादात तीन महिने घालवून आलेले पेशंट मी पाहिलेत, आणि तेव्हा जबडा ठेवायचा की काढायचा हा प्रश्न उरलेला नसतो. घाटपायथा, यात पडू नका. काढा, मंत्र, अंगारा, काहीही सोबत करा, पण तारीख चुकवून नाही.

ब्रह्मपुत्रेकाठी :
बँकेच्या नोकरीमुळे सहा वर्षं आसामात आहे. इथलं एक सांगतो कारण तुलना होईल. आसाम सरकार आणि टाटा ट्रस्टने मिळून सतरा कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं उभं करायला घेतलं. त्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या सातांचं २०२२ च्या एप्रिलमध्ये दिब्रुगडहून एकदम उद्घाटन झालं. तीन पायऱ्या आहेत, वर गुवाहाटी, मग मेडिकल कॉलेजला जोडलेली, मग जिल्ह्याची. कल्पना अशी की निदान आणि किमो जिल्ह्यात, अवघड ऑपरेशन वर. आधी इथला पेशंट थेट मुंबईची गाडी धरायचा. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पाहिलेत ना तुम्ही, तिथे आसामी, बंगाली, बिहारी सगळे असतात.

सगळं छान नाही, डॉक्टर टिकत नाहीत, पण आमच्या शाखेतला शिपाई आता किमो घेऊन संध्याकाळी घरी असतो.

घाटपायथा :
@ब्रह्मपुत्रेकाठी हेच आपल्याकडे पण येणार म्हणे? २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळात काहीतरी झालं होतं.

कोरडवाहू :
हो, महाकेअर फाउंडेशन. राज्याचं कॅन्सर धोरण म्हणून मंजूर केलं, त्रिस्तरीय, १८ हॉस्पिटलं, आसामसारखंच दिसतंय. केंद्राचंही आहे, २०२५ च्या बजेटमध्ये तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे केअर कॅन्सर सेंटर. पाट्या रंगवणाऱ्यांना बरे दिवस.

ब्रह्मपुत्रेकाठी :
@कोरडवाहू पाट्यांवर हसा पण डे केअरवर हसू नका. किमो म्हणजे बऱ्याचदा चार-सहा तास सलाइन लावून बसणं. ते मुंबईला जाऊन करायचं आणि घराजवळ करायचं यात माणूस उपचार पुरा करतो की मधेच सोडतो एवढा फरक पडतो.

आकडेमोड :
दोघंही बरोबर. किमो जिल्ह्यात नेणं सोपं आहे, खुर्च्या, नर्स, औषधं आणि वरून फोनवर सल्ला. रेडिएशनचं तसं नाही. त्या यंत्राला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली बांधावी लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतो. यंत्राचं उद्घाटन होतं आणि भौतिकतज्ज्ञाचं पद रिक्त राहतं, मग यंत्र शोभेचं. त्यामुळे १८ मधल्या किती ठिकाणी दोन वर्षांनी रोज सकाळी यंत्र चालू होतंय ते मोजा.

आता हिशोब बघा. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं तर साधारण ३० वेळा, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. एकेक वेळ यंत्राखाली जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. योजना त्या मिनिटांचे पैसे देते. बाकीचे सहा आठवडे शहरात राहायचं कुठे, सोबतच्या माणसाने खायचं काय, त्याची मजुरी बुडते ती कुणाच्या नावावर? हे कुठल्याच पॅकेजात नाही. मुंबईत तरी नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, म्हणजे हे काम सरकारने नाही, संतांनी आणि स्वयंसेवकांनी केलंय. बाकी शहरांत तेही तुरळक.

माहीत नसतं लोकांना म्हणून लिहितो. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. एस.टी.तही सवलत आहे. आणि धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना अर्ध्या दरात ठेवणं बंधनकारक आहे. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्याच फेरीत काढून ठेवा, नावाच्या दुरुस्तीला जाणारच आहात तर.

सावली_दुपारची :
एक छोटंसं. माझ्या आईला शेवटचे दोन महिने फक्त वेदना होत्या. उपचार संपले असं सांगून घरी पाठवलं होतं. मॉर्फिनच्या गोळ्या, अगदी स्वस्त असतात, पण आमच्या जिल्ह्यात एकाही दुकानात नव्हत्या. दुकानदार नाव ऐकूनच घाबरायचे, म्हणायचे नार्कोटिक आहे, लफडं नको. कायदा २०१४ मध्ये सोपा केलाय हे मला नंतर कळलं, मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना पुरतो आता. मी दर दहा दिवसांनी रात्रीच्या बसने जायचे, चिठ्ठी दाखवायचे, गोळ्या पर्समध्ये घालून परत यायचे. केरळात २००८ पासून यासाठी धोरण आहे आणि गावातले लोक घरी येऊन बघतात म्हणे.

अटकाव, तपासणी, उपचार सगळ्यांवर बोलताय म्हणून लिहिलं. याच्यावर कुणी धागा काढत नाही.

रानजाई :
@सावली_दुपारची काढा तुम्ही. मी पहिला प्रतिसाद देते.

चौकातला_टपरीवाला :
ते तीन बोटांचं काल रात्री करून बघितलं. माझी गेली. समोरच्या गॅरेजमधल्या पोराची दोनच जातात, वय तेवीस. दिवसाला पंधरा पुड्या माझ्याकडूनच नेतो. त्याला कुठं पाठवू? अन् हे त्याला सांगायचं कसं.

दंतमंजन :
@चौकातला_टपरीवाला सरकारी दंत महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग. केसपेपर काढायचा, तंबाखूमुक्ती केंद्रही तिथेच असतं. फोनवर बोलायचं असेल तर १८०० ११ २३५६, मोफत आहे, मराठीत बोलतात. तेवीसाव्या वर्षी पुडी बंद केली तर पुढचं बरंच टळतं. सांगायचं कसं ते तुम्हालाच जमेल, माझं तो ऐकणार नाही. त्याच्याकडून पुडीचे पैसे घेऊ नका आणि पुडीही देऊ नका.

घाटपायथा :
मंडळी, अपडेट.

तहसीलला अव्वल कारकुनांपुढे रिपोर्ट ठेवला. त्यांनी चष्मा काढून वाचला, काही बोलले नाहीत, नाव त्याच दिवशी दुरुस्त झालं. उत्पन्नाचा दाखला पण मिळाला. @माजी_मित्र तुम्हाला साष्टांग. त्या खाजगी हॉस्पिटलच्या नादी परत लागलो नाही. मराठवाड्यातल्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला दाखवलं, गर्दी प्रचंड, सकाळी सहाला नंबर लावला, पण तिथल्या मॅडमनी गालाला हात लावून नीट पाहिलं, मानेच्या गाठी चाचपल्या, कॅन्सरच्या डॉक्टरांच्या बोर्डात केस ठेवली. येत्या गुरुवारी ऑपरेशन. योजनेत मंजुरी आली. जबड्याचा थोडा भाग जाईल म्हणाल्या. रेडिएशन नंतर लागणारच.

मामा परळीहून रेल्वेने येणार आहे, सवलतीचा दाखला हॉस्पिटलातून मागून घेतला. तिकीट काउंटरवरच्या माणसाने आधी असा काही नियम नाही म्हणून सांगितलं, मग मी या धाग्यावरचं वाचून दाखवलं, मग त्याने ड्रॉवरमधून जाडजूड पुस्तक काढलं आणि पान शोधून तिकीट दिलं.

मामा एकच विचारतोय, माघी वारीला सुटका होईल का. काय सांगू?

दंतमंजन :
माघी विसरा. जखम भरायला वेळ लागतो, रेडिएशन ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं आणि मग पुढे सहा आठवडे. चैत्रीला विचारा त्यांना.

आणि एक काम गुरुवारच्या आत करा. उरलेले किडलेले, हलणारे दात तिथल्या दंत विभागाला दाखवून घ्या, काढायचे असतील तर ते ऑपरेशनच्या वेळीच काढतील. रेडिएशन झाल्यावर दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, फार हाल होतात. बोर्डाच्या कागदावर दंत तपासणी लिहिलेली नसेल तर मॅडमना आठवण करा, गर्दीत राहून जातं.